उपाशी ओळ

दिघोरी, नागपूर
९ मे

ताई,

डबा उघडशील तेव्हा हे पत्र बर्फाच्या पिशव्यांखाली सापडेल. प्लॅस्टिकात गुंडाळलंय, तरी ओलं झालं तर वाळवून वाच. बाबांचा विषय काढतो म्हणून तू माझा नंबर अडवून ठेवलास, आणि तुझ्या कॉलेजातल्या अस्मिता मॅडमच्या तोंडून निरोप पाठवायचा मला आता कंटाळा आला. त्या अर्धं गाळतात. तुझ्या फ्लास्कांमधल्या नमुन्यांचा डबा मी दर आठवड्याला कॉलेजातून कोकणात तुझ्याकडे पाठवतोच, तर त्यात मीही थोडा जाईन म्हटलं.

बातमी अशी की कॉलेजातल्या कल्चर रूमचा एसी गेला. कॉम्प्रेसरच जळला. बाहेर पंचेचाळीस, आणि तुझ्या शेवाळाला पाहिजे बावीस. ऑफिसात म्हणतात दुरुस्तीचा कागद वर गेला आहे, सुट्ट्या संपल्यावर बघू. या उन्हात वर गेलेलं काही खाली येताना मी तरी पाहिलं नाही. फ्लास्क मॅडमच्या घरी ठेवता येत नव्हते, त्यांचं बाळ रांगतं आणि दिसेल ते तोंडात घालतं. राहिलं आपलं घर. आपल्याकडे एसी एकच, बाबांच्या खोलीत. त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा लावला. ऑपरेशनचं तुला मॅडमनी सांगितलं असेल. नसेल तर आता कळलं. छातीचं होतं. आता बरे आहेत.

तर तुझा समुद्र सध्या बाबांच्या खोलीत आहे. टेम्पोत मी मांडीवर धरून आणला, टेम्पोवाला म्हणाला, 'भाऊ, गोमूत्र हाये का?' मी हो म्हटलं, कोण समजावत बसणार. रॅकवर ओळी तुझ्या होत्या तशाच लावल्यात. वर भरपेटवाली, मधे स्फुरद-उपाशी, खाली नत्र-उपाशी. चिकटपट्ट्यांचे रंगही तेच.

बाबा पलंगावर बसून बघत होते. दोन वर्षांत त्यांनी तुझं नाव काढलं नाही, तेव्हाही नाही काढलं. विचारलं, 'हे तिचं हाये का?' मी हो म्हटलं. 'वास येते का याले?' नाही म्हटलं. 'मंग राहू दे.'

जूनमध्ये तू स्वतः येऊन फ्लास्क नेणार असं मॅडम म्हणाल्या. ते कॉलेजात असते तर तू कॉलेजातूनच परत गेली असतीस. आता ते बाबांच्या पलंगापासून हातभर आहेत. हे मी मुद्दाम केलं असं समजू नको. एसी खरंच जळला.

सुशील

*

१८ मे

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'फिल्टरला बोटांचे डाग आहेत. हात धू. भू.' धुतले. आताही धुऊनच लिहितोय.

बाबांच्या खोलीची मजा तुला सांगायला पाहिजे. पूर्ण गल्ली घामानं निथळून राहिली आणि आपले बाबा भर मे महिन्यात गोधडी पांघरून बसले आहेत. मी म्हटलं दुपारपुरते माझ्या खोलीत या, कूलर आहे. तर म्हणतात, 'यायले कोण पाहीन?' फ्लास्कना पाहावं लागत नाही हे त्यांना पटत नाही. दुकान विकल्यापासून त्यांच्याकडे बघायला काही नव्हतंच. सारी उमर कुहीत खताच्या गोण्या आणि फवारणीची औषधं विकली, आता रोज सकाळी चष्मा लावून काचेला नाक टेकवतात.

परवा जिजाबाई आत्या आली होती. दारातूनच ओरडली, 'काय गा रुपराव, दारू काढून राहिला का घरात?'

'भूमिकाची शेती हाये ते,' बाबा म्हणाले.

मी चहा घेऊन येत होतो, थांबलो. आत्याच्या काही लक्षात आलं नाही. तिनं विचारलं, 'काय पिकते यात?'

'जहर.'

आत्यानं कपबशी हातात घेतलीच नाही. 'पोट्टीनं तेवढ्यासाठी घर सोडलं का? जहर तं तुह्या दुकानातबी होतं.' मग दाराजवळची खुर्ची घेऊन बसली आणि जाईपर्यंत पदर नाकाला.

त्यानंतर बाबा मला रोज विचारतात. मधली ओळ एवढी निवळ काहून? मला मॅडमनी सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं. त्या पाण्यात स्फुरद नाही म्हणून पेशीला फुटून दोन होता येत नाही. नत्र आहे, उजेड आहे, म्हणून जगते, आणि आतल्या आत विष साठवत जाते. संख्येनं थोड्या, पण एकेक भरलेली. तुझ्या खाडीचंही सांगितलं. शिंपल्या हे शेवाळ खातात आणि विष त्यांच्यात उतरतं. पाणी लालसर होतं तेव्हा सगळे घाबरतात, बायका शिंपल्या काढत नाहीत. मग पाण्यातलं खाणं संपतं, रंग जातो, लोक म्हणतात निवळलं, आता शिंपल्यांची तपासणी कशाला. आणि तू एकटी म्हणतेस की उरलेल्या उपाशी आहेत, थोड्याही पुरतात, तपासणी चालू ठेवा. माझ्या मानानं मी बरं सांगितलं. खालची ओळ कशासाठी, तेही मॅडमनी सांगितलं होतं, पण तेव्हा खिडकीबाहेर मेट्रोचे कामगार खांबावर चढून राहिले होते आणि माझं लक्ष तिकडे गेलं. तीही उपाशीच, एवढं आठवते.

बाबा म्हणाले, 'म्हणजे उपाशी ठेवलं का जहर वाढते.'

'हो.'

'आन् तिनं जाणूनबुजून उपाशी ठेवलं?'

'तपासायला ठेवलं, बाबा. ते काय जनावर आहे का?'

'जिता जीव तं हाये.'

एक गोष्ट माझ्याकडून निघून गेली, ती लिहूनच टाकतो. तुझी फेलोशिप अडकली होती तेव्हा तू नुसत्या भातावर राहिलीस आणि शेवटी सलाईन लागलं, हे मला मॅडमकडून कळलं होतं. उपाशीपणाचं बोलता बोलता ते बाबांसमोर बोललो. त्यांनी विचारलं, 'कवा?' मी म्हटलं, मागच्या पावसाळ्यात. बराच वेळ एसीचा रिमोट हातात धरून बसले. मग म्हणाले, 'तवा तिचा फोन आलता.'

उचलला होता का, हे मी विचारलं नाही. तुला माहीत असेल.

सुशील

*

२७ मे

ताई,

नवतपा लागला आहे. कावळेसुद्धा कूलरच्या मागे येऊन बसतात. जुना थर्माकोलचा डबा फुटला म्हणून इतवारीत गेलो होतो, तिथे भांडेवाल्यांच्या गल्लीत हातगाडीवाल्याचं आणि टेम्पोवाल्याचं भांडण लागलं होतं. दोघांपैकी कोणालाच मागे जायला जागा नव्हती, तरी दोघेही एकमेकांना म्हणत होते, 'तू पीछे ले.' मी अर्धा तास बघत उभा राहिलो. मग एक लस्सी प्यायलो. मग डबा घेतला. तुझे नमुने त्यातच आले आहेत, हा नवा डबा आहे, परत पाठव.

फ्लास्क ठीक आहेत. मधली ओळ ठीक आहे. आयोडीनमधले नमुने आणि फिल्टर नेहमीसारखेच, चिकटपट्टी बघून घे.

बाबांची तब्येत मे महिन्याच्या मानानं फार चांगली आहे. जेवतात. स्वयंपाकघरात स्वतः जाऊन पाणी उकळतात. जवळून बघितलं तर तुझ्यासारखेच वागतात, झाकण उघडण्याआधी हात धुतात. कोणतं झाकण ते विचारू नको, असंच लिहिलं.

मी पेंचला जायचा विचार करत होतो, पारशिवनीचा एक मित्र जिप्सीवर ड्रायव्हर आहे, तो म्हणतो ये, काम लावून देतो. मग वाटलं जूनपर्यंत थांबावं. तू येते आहेस ना नक्की? तारीख कळव. बाबांनी तुझ्या खोलीतल्या गोण्या काढून गच्चीवर टाकल्या आहेत. मी सांगितलं नव्हतं.

मधली ओळ ठीक आहे.

सुशील

*

६ जून

ताई,

तुझी चिठ्ठी समोर आहे. 'मधल्या ओळीत विष जवळजवळ नाही. म्हणजे फार काळ उपाशी राहिल्यावर तेही संपतं. माझंच चुकत होतं. तपासणी थांबवायच्या कागदावर सोमवारी सही करते. सुशील, या वेळी फिल्टर स्वच्छ होते. काम चांगलं केलंस. भू.'

सही करू नको. हे तुला मॅडमच्या फोनवरून कळलं असेल. मी त्यांच्या घरी पळतच गेलो आणि म्हटलं, ताईला आत्ताच्या आत्ता सांगा, नमुना चुकला आहे, कागद थांबव. त्यांनी तुला गाठलं, तू थांबलीस, एवढं ऐकूनच तिथून हाललो. कसा चुकला ते मी त्यांना सांगितलं नाही. ते तुलाच सांगायचं होतं.

इतवारीतून डबा घेऊन आलो त्या दिवशी बाबांच्या खोलीत गेलो, तर मधली ओळ चहासारखी झाली होती. कोरा चहा, पातळ. मला आधी वाटलं चष्मा... मी तर चष्मा लावत नाही. वरच्या ओळीसारखाच रंग. बाबा पलंगावर बसले होते, पायाजवळ तांब्या, हातात चमचा. मला बघून चमचा लपवायचा प्रयत्न केला, मग नाही लपवला.

'काय टाकलं?'

'डीएपी. स्फुरद असते त्यात.'

'बाबा!'

'कच्चं नाही टाकलं गा. एक दाणा तांब्याभर उकळलेल्या पाण्यात. गार केलं. त्यातलं चमचा चमचा. जास्त टाकलं असतं तं जळली असती.'

'किती दिवसांपासून?'

'तू दुपारी झोपते तवा.'

मी ओरडलो. ताई, ऑपरेशन झालेल्या माणसावर मी ओरडलो, की तुमच्या पोरीचं वर्षभराचं काम होतं ते. ते म्हणाले, 'धरली बघ, दोन दिवसांतच धरली,' आणि काचेकडे बोट दाखवलं. त्यांना कौतुक वाटून राहिलं होतं. माझं ओरडणं संपल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मग चष्मा काढून ठेवला.

आता माझं. मी विचार केला की हे तुला कळलं तर तू येणार नाहीस. न्यायला काही उरलंच नाही तर कशाला येशील. आणि आलीसच तर बाबांशी भांडायला येशील. खालची ओळ समोरच होती, निवळ पाण्याची, मधली आधी दिसायची तशीच. तीही उपाशी. मी म्हटलं भूक ती भूक. खालच्या ओळीतलं पाणी गाळलं आणि मधल्या ओळीची चिकटपट्टी लावून पाठवलं. खालच्या ओळीचे नमुने म्हणूनही तेच पाठवले. वाटलं, आकडे सारखेच येतील, जून निघून जाईल, तू एकदा घरात आलीस की मग सांगू.

तुझी चिठ्ठी वाचल्यावर मॅडमना विचारलं, खालच्या ओळीचं काय होतं ते पुन्हा सांगा. त्यांनी सांगितलं, या वेळी मी खिडकीकडे पाठ करून बसलो. ते विष बनतंच नत्रापासून. नत्र नसलं तर पेशी वाढतही नाही आणि विषही करत नाही, नुसतीच वाळत जाते. स्फुरद नसलं तर मात्र नत्र हाताशी राहतं आणि वाढीत खर्च होत नाही. म्हणजे भूक ती भूक नाही. तू तीन ओळी एवढ्यासाठीच ठेवल्या होत्यास आणि मी दोन उपाशी ओळी एकच समजलो. तुझं काही चुकलेलं नाही. खाडीतल्या उपाशी पेशी विषानं भरलेल्याच असतील. त्या बायकांना माझ्यामुळे कोणी 'जा, काढा शिंपल्या' म्हणालं असतं आणि एखाद्या घरी रात्री सगळ्यांचे ओठ बधिर झाले असते, तर... हे मी चार वेळा लिहून खोडलं. पुढे मला लिहिता येत नाही.

बाबांना विचारलं, ताईला काय लिहू? म्हटलं, माझ्या हातून सांडलं असंही लिहिता येईल. ते म्हणाले, 'तिले लिव, खत बापानं टाकलं. तुहं नाव नको टाकू त्यात.' पण माझंही आहे, म्हणून दोन्ही लिहिलं.

मॅडमना आडून विचारलं, तर पोट भरलेली ओळ परत उपाशी करायला कित्येक महिने जातात म्हणाल्या, एकदा पोट भरलं की त्या आत साठवून ठेवतात. तेव्हा जूनमध्ये यायचं कारण उरलं नाही, हे मला कळते. तारीख विचारणार नाही.

सुशील

*

१४ जून

ताई,

तू फोन केलास तेव्हा मी घरात नव्हतो, सलूनमध्ये होतो. पैसे विसरलो म्हणून मधूनच आलो, तर बाबा पलंगावर ताठ बसलेले, मोबाईल दोन्ही हातांनी कानाला धरलेला. मला वाटलं बँकेचा साहेब बोलतो आहे. 'हो जी. नाही जी. उकळलेलं होतं जी.' मग तुझा आवाज बाहेर ऐकू आला आणि मी दारातच बसलो, अर्धी दाढी राहिली होती तरी.

तुझ्याशी ते असे का बोलले ते मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसेल. कृषी अधिकारी तपासणीला आला की कुहीच्या दुकानात असेच उभे राहायचे, ते तू पाहिलं आहेस. तू विचारत गेलीस, दाणा केवढा, तांब्या कोणता, चमचा चहाचा की जेवणाचा, पहिल्यांदा कोणत्या फ्लास्कात, कापसाचं बूच किती वेळ काढलं. ते आठवून आठवून सांगत होते. एकदा उठून स्वयंपाकघरात गेले, तांब्या घेऊन आले आणि फोनसमोर धरला. तुला दिसणार नव्हता. 'हा पहा जी,' म्हणाले. त्यावर तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही.

मग तू मधली ओळ ब्लीच टाकून मारायला सांगितलंस आणि फोन ठेवलास.

तू सांगितल्याप्रमाणे केलं. ब्लीच मी आणलं, पण ओतलं बाबांनी. मी म्हटलं तुम्ही बाजूला व्हा, वास छातीला चांगला नाही. ऐकलं नाही. तोंडाला दुपट्टा बांधला आणि एकेक फ्लास्क मोरीत नेऊन स्वतःच्या हातानं. रंग लगेच नाही गेला. प्रत्येक फ्लास्कजवळ तो जाईपर्यंत पाटावर बसून राहिले. शेवटचा संपल्यावर म्हणाले, 'चांगली धरली होती,' आणि हात धुतले.

वरची आणि खालची ओळ मी घेऊन निघतो आहे, हे पत्रही त्याच बॉक्समध्ये. तू म्हणतेस कुडाळला उतरून रिक्षा कर. करतो. बॉक्समध्ये बर्फ नको, नुसता ओला टॉवेल, हेही लक्षात आहे. या वेळी रस्त्यात कुठे उतरणार नाही, उतरावंसं वाटलं तरी नाही. बाबांना मी सांगितलं की तू येत नाहीस, मीच जातो आहे. त्यांनी मान हलवली. तुझ्या खोलीतल्या गोण्या अजून गच्चीवरच आहेत, त्या खाली आणू का विचारलं, तर 'राहू दे' म्हणाले.

काल जेवताना अचानक घास हातात धरून थांबले. मला वाटलं छातीत दुखतं.

'काय झालं?'

'तिनं सारंच विचारलं,' बाबा म्हणाले. 'दाणा केवढा, पाणी केवढं, कोणत्या वक्ताले टाकलं. सारं बराबर सांगतलं म्या.'

'हो, मी ऐकलं.'

'काहून टाकलं, ते नाही विचारलं.'

मी म्हटलं, आता तिच्याकडेच जातो आहे, मी तिला सांगेन. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

'तू नको सांगू,' ते म्हणाले. 'तिनं विचारलं तं मी सांगन.'

सुशील